भात्यावरून सुटलेला हात

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्याला बांधलेला असतो. तो हवा भरतो, उजवा हात चाल वाजवतो. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही राहून गेले असेल असे कुणाला वाटत नाही. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने 1840च्या सुमारास घडवलेल्या हार्मोनियमचा भाता पायाने चालवायचा असे, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास हाताने भाता मारायची पेटी बनवली आणि एक हात वादनातून वजा झाला. आपल्या संगीताचे त्यात काही बिघडले नाही, कारण त्याला एका वेळी एकच चाल हवी होती. मराठी संगीत नाटकात पायाने चालणारा ऑर्गन आला, तरी गाणाऱ्या नटाची चाल उचलून धरणे हेच त्याचे मुख्य काम राहिले. मग 1980 साली कॅसिओचा पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड निघाला. पुढच्या काही वर्षांत असे कीबोर्ड मध्यमवर्गीय घरांत, गणेशोत्सवाच्या मंचावर, भजनी मंडळांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोहोचले. शंभर वर्षांनी डावा हात भात्यावरून सुटला.

सुटला, पण त्याने करायचे काय हे कुणी सांगितले नाही. पेटीवरून कीबोर्डकडे आलेला हौशी वादक उजव्या हाताने तीच चाल वाजवतो आणि डाव्या हाताने फार तर तयार ठेक्याचे बटण दाबतो. पुढे जायची इच्छा असलेला माणूस क्लासला जातो किंवा पुस्तक आणतो, आणि तिथे त्याच्यासमोर कॉर्डचा तक्ता येतो. बारा पट्ट्या, प्रत्येकीची मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड, म्हणजे सुरुवातीलाच अठ्ठेचाळीस आकार. सहा महिने ते पाठ करून बोटे तयार होतात, पण नवे गाणे समोर आले की हात थांबतो, कारण यांतला कोणता आकार कुठे लावायचा हे तक्त्यात लिहिलेले नसते. माझे म्हणणे असे आहे की हा रस्ता उलटा आहे. हौशी वादकाने कॉर्ड पाठ करू नयेत, चालीतून शोधून काढाव्यात. हे शोधण्याची निम्मी तयारी सरगम येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे आधीपासून असते. स्वतःचे काही उत्स्फूर्त वाजवणे, म्हणजे इम्प्रोव्हायझेशन, त्या शोधातूनच सुरू होते. ते पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवायचे कारण नाही.

सा, ग आणि प एकत्र दाबले की पहिली कॉर्ड झाली. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर सापासून चौथी पट्टी ग आणि तिथून तिसरी प. चार आणि तीन असे अंतर पडले तर मेजर, तीन आणि चार असे पडले तर मायनर. सारेगमपधनी या शुद्ध सप्तकात, म्हणजे बिलावल थाटात, एक स्वर घ्यायचा, एक सोडायचा असे करत प्रत्येक स्वरावर तीन-तीन स्वर रचले तर सात कॉर्ड मिळतात. सा, म आणि प यांच्यावरच्या मेजर निघतात, रे, ग आणि ध यांच्यावरच्या मायनर, आणि नीवरची या दोन्हींत न बसणारी, आकसलेली. आता पहिल्या तीनच घेऊन पाहा. षड्जाच्या कॉर्डमध्ये सा-ग-प, मध्यमाच्या कॉर्डमध्ये म-ध-सा, पंचमाच्या कॉर्डमध्ये प-नी-रे. सप्तकातले सातही स्वर यांत येऊन गेले. म्हणजे शुद्ध स्वरांतल्या कोणत्याही चालीचा कोणताही स्वर या तीनपैकी निदान एका कॉर्डच्या पोटात असतोच. अमेरिकेतल्या ब्लूज गायकांनी बारा मात्राखंडांच्या साच्यात याच तीन कॉर्ड फिरवत एक अख्खी परंपरा उभी केली. अठ्ठेचाळीस आकारांच्या तक्त्यापुढे हे तीन फार लहान वाटतात, पण हौशी वादकाचे पहिले वर्ष त्यांच्यात आनंदाने जाऊ शकते.

या तीन कॉर्ड तीन वेगवेगळ्या जागी उडी मारून वाजवायच्या नसतात, हे पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. सा-ग-प वर हात ठेवा. मध्यमाची कॉर्ड हवी असेल तेव्हा सा तसाच राहू द्या, ग सरकून मवर जाईल आणि प सरकून धवर. पंचमाची हवी असेल तेव्हा प तसाच राहील, सा खाली मंद्र नीवर उतरेल आणि ग रेवर. हात एका वितीच्या बाहेर जात नाही. सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग या एकाच कॉर्डच्या तीन बैठका आहेत हा विचार झां-फिलिप रामो याने 1722 साली आपल्या सुसंवादावरच्या ग्रंथात मांडला आणि पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणाची दिशा बदलली. हौशी वादकाला रामोचा ग्रंथ लागत नाही. लागते ती एवढी समज की कॉर्ड हा ठरावीक आकार नसून स्वरांचा गट आहे, आणि गटातला प्रत्येक स्वर पुढच्या गटात जाताना जवळात जवळच्या जागी जातो.

शोधण्याचे काम खरे कुठे सुरू होते ते एका छोट्या ओळीवर पाहू. समजा चाल अशी आहे: ग प, ध प, म रे, सा. पहिल्या खंडात ग आणि प दोन्ही आहेत, म्हणून षड्जाची कॉर्ड आपोआप सुचते. दुसऱ्यात जोर धवर आहे, प नुसता जाता-जाता लागतो, म्हणून मध्यमाची. तिसऱ्यात म आणि रे आहेत. पंचमाच्या कॉर्डला तिचा चौथा स्वर म जोडला की प-नी-रे-म हा गट होतो आणि दोन्ही स्वर त्यात बसतात. पण रे-म-ध ही रेची मायनर कॉर्डही तितकीच बसते. शेवटच्या साला षड्जाची कॉर्ड हे सरळ उत्तर, मात्र ध-सा-ग या मायनर कॉर्डच्या पोटातही सा आहे. ती लावली तर चाल घरी पोहोचूनही ओळ संपत नाही, पुढे काहीतरी यायचे आहे असे वाटत राहते. एका ओळीत चार निर्णय झाले आणि त्यांतल्या दोन ठिकाणी पर्याय निघाले. सात कॉर्ड, प्रत्येकीत तीन स्वर, एकूण एकवीस जागा. म्हणून सप्तकातला प्रत्येक स्वर बरोबर तीन कॉर्डमध्ये येतो. सा येतो षड्ज, मध्यम आणि धैवताच्या कॉर्डमध्ये. ग येतो षड्ज, गंधार आणि धैवताच्या. चालीतल्या जोराच्या स्वराला हे तीन रंग लावून बघायचे आणि कोणता पटतो ते कानाने ठरवायचे. तक्ता पाठ करणाऱ्याला हा निर्णय कधी घ्यावाच लागत नाही, म्हणून त्याचा कानही या बाबतीत कधी तयार होत नाही.

कानाने ठरवायचे म्हणजे मन मानेल तसे, असे मात्र नाही. कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना आधी स्वरसप्तकाचा संदर्भ ऐकवला, मग बारापैकी एक-एक स्वर वाजवून तो त्या संदर्भात किती चपखल बसतो ते विचारले. मेजर सप्तकात सर्वांत वरचा क्रम लागला साचा, त्याखाली प, त्याखाली ग. म्हणजे षड्जाच्या कॉर्डचेच तीन स्वर. दोन वर्षांनी क्रमहान्सल यांनी मेरी कास्तेलानो आणि जमशेद भरूचा यांच्यासोबत हाच प्रयोग उत्तर हिंदुस्थानी रागांवर केला, श्रोते भारतीयही होते आणि पाश्चात्त्यही. स्वरांची उतरंड दोघांनाही जाणवली, पण रागाखालच्या थाटाची जाण फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत दिसली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. स्वर कुठे विसावतो आणि कुठे ताटकळतो हे आपला कान राग ऐकतानाच शिकलेला असतो. नी साकडे ओढला जातो हे गाणाऱ्याला सांगावे लागत नाही. कॉर्ड-शास्त्र या ओढीला गटाचे रूप देते. प-नी-रे-म या गटात नीला सा हवा असतो आणि मध्यमाला ग. दोघांनी आपापली पायरी चालली की सा-ग-प हा गट ऐकू येतो आणि ओळ पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. पाश्चात्त्य संगीताची तीनशे वर्षे या एका ओढीच्या आधाराने चालली असे म्हटले तर फारसे अतिशयोक्त होणार नाही.

सरगमची सवय हे आपले भांडवल आहे असे मी म्हणतो, त्यामागे आणखी एक कारण आहे. आपला सा सरकतो. गाणारी बाई काळी चार धरते, गाणारा पुरुष काळी एक, आणि पेटीवाला मनातल्या मनात अख्खे सप्तक उचलून तिथे नेतो. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्याला सी मेजरमधल्या कॉर्ड पाठ झाल्यावर जी-शार्पमधल्या पुन्हा वेगळ्या पाठ कराव्या लागतात, कारण त्याच्यासाठी स्वरांची नावे पट्टीला चिकटलेली असतात. ही अडचण खुद्द अमेरिकेतल्या व्यावसायिक वादकांनाही जाणवली होती. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत जॉर्डनेअर्स या गायकसंघातल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्डची नावे काढून टाकून फक्त आकडे लिहायला सुरुवात केली: एक, चार, पाच. गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तरी आकड्यांचा कागद तोच चाले. ही पद्धत तिथे रूढ झाली आणि आजही नॅशव्हिलच्या नावाने ओळखली जाते. एक, चार, पाच म्हणजे आपले सा, म, प. तिथल्या स्टुडिओतल्या वादकांना गरजेपोटी जे घडवावे लागले ते पेटीवाल्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेले असते. आणि त्यालाच आपण सी, एफ, जी अशी पट्टीला बांधलेली नावे पाठ करायला लावतो, त्याच्याकडे असलेले शहाणपण बाजूला ठेवून. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणाने हे काम होते असे कुणी म्हणेल. बटण आवाज सरकवते, समज सरकवत नाही. शेजारी बासरीवाला किंवा गिटारवाला बसला की काय वाजते आहे ते त्याला सांगता आले पाहिजे. पट्टीला बांधलेली नावेही पुढे शिकावीत, पण आधी नाते कळावे आणि मग नाव, हा क्रम सोडू नये.

चाल एकाची आणि तिच्याखालचे गट दुसऱ्याचे, ही विभागणी आपल्या चित्रपटसंगीतात अनेक दशके चालली. तिचा इतिहास हौशी वादकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून मुंबईत आलेले वादक आधी हॉटेलांच्या आणि मूकपटांच्या वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत गेले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती लिहून घेऊन तिच्याखाली कॉर्ड, उपचाली आणि वाद्यांचे तुकडे रचायचे काम अरेंजरचे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांसोबत ‘अलबेला’च्या (1951) काळात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. मराठीत ही दोन्ही कामे एका जागी आली ती अनिल-अरुण या जोडीत. अनिल मोहिले व्हायोलिनवादक आणि अरेंजर, अरुण पौडवाल ॲकॉर्डियनवादक. डाव्या हातात कॉर्डची बटणे असणाऱ्या वाद्यावर ज्याची बोटे घडली तो चाल बांधताना तिच्याखालचा गटही ऐकत असणार, असे मला वाटते. या सगळ्या मंडळींसमोर आलेली सामग्री म्हणजे रागावर किंवा लोकगीतावर बेतलेली, तोंडी सांगितलेली चाल. तिच्या प्रत्येक जोराच्या स्वराला कोणता गट पेलेल हा प्रश्न त्यांना रोज सोडवावा लागे. म्हणजे मी वर ज्या शोधाविषयी लिहिले तो आपल्याच शहरात व्यवसाय म्हणून चालत होता. हौशी शिक्षणात मात्र त्याला जागा मिळाली नाही.

अशा शोधातून उत्स्फूर्त वादन उभे राहते याचा सर्वांत मोठा पुरावा अठराव्या शतकातल्या नेपल्समध्ये मिळतो. तिथली चार संगीत विद्यालये मुळात अनाथ आणि गरीब मुलांचे आश्रम होती. मुलांना पोट भरता येईल असे कसब लवकर द्यायचे होते. त्यासाठी शिक्षक एकच खालची ओळ, म्हणजे बेस, लिहून देत आणि तिच्यावर बाकीचे संगीत मुलाने कीबोर्डवर तिथल्या तिथे रचायचे. याला पार्तिमेंतो म्हणत. सुरुवात सप्तकाच्या एका साध्या नियमाने होई: बेसमध्ये सा आला की कोणता गट, रे आला की कोणता, ग आला की कोणता, चढताना आणि उतरताना. मग त्या गटांत नक्षी भरायची, एका स्वरातून दुसऱ्यात जायच्या वाटा शोधायच्या. पेर्गोलेसी, पायसिएल्लो आणि चिमारोसा या विद्यालयांतून बाहेर पडले. पार्तिमेंतोची परंपरा पुढे विस्मरणात गेली होती. रॉबर्ट जेर्डिंगेन यांचा 2007चा आणि जॉर्जिओ सांग्विनेत्ती यांचा 2012चा ग्रंथ यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वळवले. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की तिथे शास्त्र आणि उत्स्फूर्तता या दोन वेगळ्या शिकवण्या नव्हत्या. नियम शिकणे म्हणजेच त्याच क्षणी वाद्यावर काही रचणे. कॉर्डचे शास्त्र कागदावर शिकून इम्प्रोव्हायझेशन पुढच्या वर्षावर ढकलणारा अभ्यासक्रम या अनुभवाच्या विरुद्ध जातो.

मग हौशी वादकाने रचायचे कसे? डाव्या हाताने षड्जाची कॉर्ड धरून ठेवावी आणि उजव्या हाताने सप्तकात फिरावे, मात्र समेवर आणि जोराच्या मात्रांवर सा, ग किंवा प यांपैकी एकावर उतरावे. बाकीचे स्वर जाता-येता लावावेत. कॉर्ड बदलून मध्यमाची झाली की उतरायच्या जागाही बदलतात: म, ध, सा. आलापात न्यासाचा स्वर सांभाळणाऱ्याला ही शिस्त नवी नाही. नवे एवढेच की इथे न्यासाच्या जागा डाव्या हाताबरोबर सरकतात. यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारा रियाझ अगदी कंजूष आहे. प्रत्येक कॉर्डचा फक्त मधला स्वर वाजवायचा: षड्जाच्या कॉर्डवर ग, मध्यमाच्या कॉर्डवर ध, पंचमाच्या कॉर्डवर नी. डावा हात काय करतो आहे हे उजव्या हाताच्या एका स्वरातून कळायला हवे, कारण कॉर्ड मेजर आहे की मायनर ते हा मधला स्वरच ठरवतो. ग, ध, नी, ग एवढी चार पावले पक्की झाली की त्यांच्यामध्ये स्वर भरत जायचे. जॅझ वादक ज्याला गाइड टोन म्हणतात त्याची ही पहिली पायरी. डाव्या हाताने तीन बोटांनी कॉर्ड दाबायच्या ऐवजी नुसता बेसचा एक स्वर धरला तरी सुरुवातीला पुरे. सा, म, प हे तीन बेसचे स्वर आणि वर ग, ध, नी. दोन बोटांत अख्खी चौकट उभी राहते.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप शास्त्रीय संगीताच्या बाजूने येतो: राग आणि कॉर्ड यांचे जमत नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्याचा खरा भाग नीट समजून घेतल्याशिवाय कीबोर्डवाल्याने रागाला हात लावू नये. मालकंस घ्या. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. या पाच स्वरांतून पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: म-कोमल ध-सा ही मायनर आणि कोमल ध-सा-कोमल ग ही मेजर. दोन्हींत सा पायाशी नाही. दुसरी कॉर्ड जरा जास्त वेळ धरली की कान कोमल धैवतालाच सा समजू लागतो, आणि त्या नव्या सापासून मोजले तर मालकंसाचे पाच स्वर भूपाचे पाच स्वर होतात. मूर्च्छनेचा अभ्यास करणाऱ्याला हे नाते माहीत असते. पण गाणारा मालकंस गात असताना खाली कीबोर्डवाला अजाणता भूप उभा करत असेल तर ती रागहानी आहे, दुसरा शब्द नाही. मारव्यात तर पंचमच नाही, त्यामुळे षड्जाची कॉर्ड लागतच नाही. आणि ध-कोमल रे-ग हा गट मात्र तयार मेजर कॉर्ड म्हणून हाताशी येतो. तो लावला की आधीच लांब ठेवलेला षड्ज हरवून जातो. अशा रागांत डाव्या हाताने कॉर्ड लावूच नयेत. सा धरावा आणि गप्प राहावे. कॉर्ड-शास्त्र शिकण्याचा मला दिसणारा एक मोठा फायदा हाच आहे की कॉर्ड कुठे लावायची नाही ते सकारण कळते. तक्ता पाठ केलेल्याला ते कळायला मार्ग नाही.

स्वरांच्या शुद्धतेचाही मुद्दा यात येतो. जुळवलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून 386 सेंटवर असतो. कीबोर्डचा गंधार 400 सेंटवर, म्हणजे कानाला जाणवण्याइतका चढा. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर घातलेली बंदी 1971पर्यंत टिकली, तिच्यामागे पेटीचे स्वर ताठ आहेत, श्रुती आणि मींड तिच्यावर निघत नाहीत ही तक्रार होती. ती तक्रार कीबोर्डलाही लागू आहे आणि कॉर्डमध्ये तर जास्तच, कारण तिथे दोन-तीन स्वर एकदम आपसांत घासतात. पण त्याच तंबोऱ्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. सा, प आणि स्वयंभू गंधार हे एकत्र ऐकू येणे म्हणजे निसर्गाने दिलेली षड्जाची कॉर्डच आहे. तीन स्वर एकत्र ऐकणे आपल्या कानाला परके आहे असे म्हणणाऱ्याने तंबोरा पुन्हा ऐकावा, आणि गोव्याचा मांडोही ऐकावा. कोकणी भाषेतले हे गीत एकोणिसाव्या शतकापासून दोन आवाजांत, तिसऱ्या स्वराच्या अंतराने गायले जाते, खाली घुमट वाजते. मराठीच्या सख्ख्या शेजारी भाषेत, एकाच किनाऱ्यावर, सुसंवाद घरचा होऊन राहिला आहे.

शिवाय हौशी वादकाच्या वहीत काय असते तेही पाहायला हवे. त्यात मालकंसातले ख्याल थोडे असतात. भावगीते, भक्तिगीते आणि चित्रपटगीते जास्त. यातल्या पुष्कळ चाली अशा स्वरसमूहांत आहेत जे कॉर्ड सहज पेलतात. किरवाणीचेच उदाहरण पाहा. सा रे कोमल ग, म प कोमल ध, शुद्ध नी. कर्नाटक पद्धतीतून आलेला हा राग पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनर सप्तकाशी स्वर न् स्वर जुळतो. सा आणि म यांच्यावरच्या कॉर्ड मायनर, पण नी शुद्ध असल्यामुळे पंचमाची कॉर्ड मेजर राहते आणि साकडे नेणारी ओढ शाबूत राहते. चित्रपटसंगीताने किरवाणी इतका का वापरला याचे एक कारण मला यातच दिसते: रागाचा करुण रंगही राहतो आणि अरेंजरच्या वाद्यवृंदालाही काम मिळते. आसावरी थाटाच्या कोमल नीमध्ये ही सोय नाही. तिथे पंचमाची कॉर्डही मायनर होते आणि ओढ सैल पडते. अशा चालीत कॉर्ड कमी लावाव्यात, जास्त वेळ धराव्यात.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. ध्वनिमुद्रण ऐकून कॉर्डची नावे सांगणारी ॲप फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला? नावे मिळतात हे खरे आहे, आणि स्वतः शोधलेले उत्तर ताडून पाहायला त्यांचा जरूर उपयोग करावा. पण ॲप ध्वनिमुद्रणाच्या कॉर्ड सांगते. तुम्ही आत्ता, इथे, गायक मुखडा तिसऱ्यांदा घेत असताना काय लावावे हे सांगत नाही. शेवटच्या सावर या वेळी षड्जाची कॉर्ड लावून ओळ बंद करायची की धैवताची लावून उघडी ठेवायची, हा निर्णय वाजवणाऱ्याचाच. तो घेण्याचा अधिकार यंत्राला देऊन टाकला तर कीबोर्डवर बसण्याचे कारणच उरत नाही असे मला मनापासून वाटते. तयार ठेक्याबद्दल मात्र माझे मत इतके कडक नाही. डाव्या हाताने कॉर्ड दाबून ढोलक-बेस चालू ठेवणारी सोय एकट्याने रियाझ करणाऱ्याला लयीची शिस्त लावते, आणि कॉर्ड चुकली की ताबडतोब ऐकू येते.

तिसरा आक्षेप जुना आहे आणि तो कलावंतांकडूनच जास्त येतो: शास्त्राने उत्स्फूर्तता मरते. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी 2008 साली सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूची प्रतिमा वाजवत असताना घेतली. उत्स्फूर्त वाजवताना मेंदूतला स्वतःवर पहारा ठेवण्याशी जोडला जाणारा भाग शांत झालेला दिसला. हा प्रयोग शास्त्राविरुद्ध वापरला जातो. पण पहारा उठवता आला तो मुरलेल्या वादकांना, ज्यांच्या बोटांत कॉर्ड वर्षानुवर्षे बसलेल्या होत्या. बुद्धिबळावरचा विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा 1973चा अभ्यास यावर आणखी उजेड टाकतो. खऱ्या डावातला पट पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू तो बराचसा उभा करू शकत, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्यांची स्मरणशक्ती नवख्यांइतकीच ठरे. ते सोंगट्या सुट्या पाहत नव्हते, अर्थपूर्ण गट पाहत होते. वाजवताना मनाला सवड मिळते ती अशाच गटांमुळे. सात सुटे स्वर सांभाळणाऱ्याला पुढची ओळ सुचायला वेळच नसतो. उत्स्फूर्ततेची सर्वांत प्रखर परंपरा आपल्याकडे ज्या रागसंगीतात आहे, त्यात आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर, न्यास आणि पकड यांचे बंधन किती काटेकोर असते हे वेगळे सांगायला नको. उपज त्या बंधनातूनच येते.

तीन कॉर्डनंतर कुठे जायचे हा प्रश्न राहतो, आणि बहुतेक पुस्तके इथे जॅझच्या अवघड साखळ्यांकडे वळतात. पेटीवरून आलेल्या वादकाला त्याआधी एक जवळची वाट आहे. काफी थाटात, म्हणजे कोमल ग आणि कोमल नी, षड्जाची कॉर्ड मायनर होते: सा-कोमल ग-प. पण ध शुद्ध असल्यामुळे मध्यमाची कॉर्ड म-ध-सा मेजर राहते. या दोन कॉर्डमध्ये नुसते ये-जा करत राहावे. सा समाईक आहे, तो हलवायचा नाही. कोमल ग एका वेळी मवर चढतो आणि प धवर. लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीतात हे झुलणे पुष्कळ ऐकू येते. तितो पुएन्तेची जी रचना सांतानाच्या वाद्यवृंदाने 1970 साली जगभर नेली ती याच दोन कॉर्डवर उभी आहे. माइल्स डेव्हिसच्या 1959च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली रचना तर बत्तीस खंडांपैकी चोवीस खंड काफीच्याच स्वरांत राहते आणि मधल्या आठ खंडांपुरती एक पट्टी वर सरकते. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड इतक्या भराभर बदलत की वादकाला श्वास घ्यायला जागा नसे. एकाच स्वरसमूहात मुक्काम करून चाल फुलवण्याचा हा मार्ग तिथे नवा होता. काफीत ठुमरी, होरी आणि टप्पा ऐकत वाढलेल्या कानाला असा मुक्काम नवा नाही. म्हणून दोन कॉर्डचा हा झोका डाव्या हातात बसला की उजव्या हाताने काफीतले आपले नेहमीचे स्वरसमूह घ्यावेत, मध्यमाच्या कॉर्डवर ध दाखवावा, षड्जाच्या कॉर्डवर कोमल गंधारावर थांबावे, आणि मग पंचमाची कॉर्ड लावून पाहावी: आधी काफीच्या कोमल नीसह मायनर, नंतर शुद्ध नी घेऊन मेजर. काफीत शुद्ध निषाद चढताना अधूनमधून लागतोच. तो आता डाव्या हातात कुठे शोभतो आणि कुठे रागाला खुपतो, हे प्रत्येक ओळीला वेगळे ठरवावे लागेल.